टाकीवरचा पुसट आकडा

पेंटरकाका कुणाचंही नाव तीनदा विचारल्याशिवाय रंगवत नसत. नांदुऱ्यात गजानन नावाची दुकानं मोजायला बसलं तर दोन हातांची बोटं पुरायची नाहीत, पण काका प्रत्येक गजाननापुढे कागद धरून म्हणायचे, "लिहून दे." त्यानं लिहिलं की मोठ्यानं वाचून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी डबे-ब्रश घेऊन आले की शिडीवर चढण्याआधी पुन्हा, "गजाननच ना?" एक किराणावाला एकदा वैतागला. म्हणाला, "काका, बापानं ठेवलेलं नाव हाय. रोज बदलत नाही." काका शांतपणे म्हणाले, "तुहं नाव तुले ठाऊक. मले तू सांगशीन तवा." आणि त्यानं सांगेपर्यंत शिडीच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, स्टेशनच्या रस्त्याला. त्याची पाटीही काकांचीच. इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, पण इंग्रजी अक्षरं ते अशी काढायचे की छापल्यासारखी वाटावीत. तीच गोष्ट उर्दूची आणि गुजरातीची. समोर नमुना हवा, बस. नमुन्यात एखादं अक्षर अस्पष्ट असलं तर ते काम तिथंच थांबवून मालकाच्या घरी जायचे. एकदा एका ट्रकवाल्यानं स्वतःच्या गावाचं नाव घाईत गिचमिड लिहून दिलं आणि निघून गेला. काकांनी ट्रकच्या मागे बाकी सगळं रंगवलं, फुलं काढली, मोर काढला, आणि गावाच्या नावाची जागा कोरी ठेवली. ट्रकवाला चिडला. "अंदाजानं लिहाचं ना काका." काका म्हणाले, "अंदाज घरी चालते. बोर्डावर नाही." या हट्टाला आम्ही सगळे हसायचो. माणूस म्हातारा व्हायला लागला की असं एखादं खूळ डोक्यात बसतं, असं मला वाटायचं.

पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवणारे लोक रिकामे झाले. त्यातच काकांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागेल इतका. दुपारी ते माझ्या दुकानात येऊन पंख्याखाली बसायचे. कुणी फ्लेक्सचं डिझाइन करायला आलं तर लांबून पडद्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "त्याले नाव नीट इचार." बाकी कॉम्प्युटरमध्ये त्यांना काही रस नव्हता.

मला मात्र एक शौक होता, आणि अजून आहे. कॉम्प्युटरवर विमान चालवायचा. हा पोरखेळ नाही. खऱ्या विमानात जेवढी बटणं असतात तेवढी त्यात असतात, हवामान असतं, वारा असतो, चुकलं की विमान पडतं. गिऱ्हाईक नसलं की मी नांदुऱ्याच्या खुर्चीत बसून हिमालयावरून जायचो. त्या उन्हाळ्यात मी एक नवं विमान त्यात घातलं होतं. शेतावर औषध फवारणारं, पिवळं, एका माणसाचं. कुणीतरी हौसेनं बनवून फुकट दिलेलं. पण त्याचं अंग फार पुसट दिसत होतं. जवळ गेलं की अक्षरं फेस आल्यासारखी पसरायची.

काका पंख्याखाली डुलकी घेत होते. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर ते विमान मोठं करून मी पाहत होतो. ते उठून उभे राहिले. तीन वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या टेबलाच्या या बाजूला आले.

"हे फवारनीचं हाय," ते म्हणाले.

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. थरथरतं बोट पडद्यावर टेकवलं, विमानाच्या नाकामागे, औषधाच्या टाकीपाशी. "अथी आकडा असते. पुसट काऊन हाय?"

मी चकित झालो. टाकी कुठे असते हे मला स्वतःला दोन दिवसांपूर्वी कळलं होतं. मी त्यांना समजावलं. विमानाचा सांगाडा वेगळा असतो आणि त्याच्यावर एक चित्र चढवलेलं असतं, त्याला टेक्स्चर म्हणतात. कॉम्प्युटरवर भार पडू नये म्हणून कधी कधी ते चित्र लहान करून दाखवलं जातं, म्हणून पुसट दिसतं. सेटिंगच्या एका फाइलमध्ये किती मोठं चित्र उघडायचं त्याची मर्यादा लिहिलेली असते. मी ती वाढवली आणि विमान पुन्हा उघडलं. पंख स्पष्ट झाले, चाकं स्पष्ट झाली. टाकीवरचा आकडा तसाच राहिला, कारण मुळात ज्यानं चित्र काढलं त्यानंच तिथं नुसते फराटे मारले होते.

"म्हणजे नवीन लिहा लागन," काका म्हणाले.

"लागेल. पूर्ण कातडंच मोठ्या मापात नव्यानं रंगवावं लागेल."

मी ते चित्र उघडून दाखवलं. शिंप्यानं सदरा उसवून तुकडे सपाट मांडावेत तसं सबंध विमान पडद्यावर पसरलेलं असतं. पंख इकडे, शेपूट तिकडे, पोटाची पट्टी खाली. मला ते समजायला आठवडा लागला होता. काकांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हा डावा पंख. हा खालून. हे दार." मग खुर्ची ओढून बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी यायचे. मी त्यांना माऊस धरायला शिकवला. हात थरथरायचा, रेघ वाकडी जायची, पण चित्र आठपट मोठं करून एकेक ठिपका भरता येतो हे कळल्यावर त्यांना हाताचं काही वाटेनासं झालं. चुकलं तर एक बटण दाबून मागे जाता येतं, हे मी दाखवलं तेव्हा ते कितीतरी वेळ नुसते ते बटण दाबत बसले. रेघ काढायची, दाबायचं, रेघ नाहीशी. मग म्हणाले, "हे मले आधी भेटाले पाह्यजे होतं." मी हसलो. मला वाटलं, पाट्यांवर वाया गेलेल्या रंगाबद्दल बोलत असतील.

चार महिने ते काम चाललं. पत्र्याच्या जोडाची एकेक रेघ, एकेक रिव्हेट. नेटवर सापडतील तेवढे फोटो मी काढून दिले. पण शेपटीवरची नोंदणीची अक्षरं त्यांनी फोटोवरून घेतली नाहीत. कुणाला न विचारता, डोळे मिटून म्हणावीत तशी त्यांनी ती पाच अक्षरं काढली. मी म्हटलं, "काका, हे विचारलं नाही कुणाला." ते म्हणाले, "हे मले पाठ हाय." विमान आरशासारखं लख्ख झालं. फक्त टाकीपाशी एका आकड्याच्या पहिल्या अंकाची जागा त्यांनी कोरी ठेवली.

मला घाई झाली होती. जगभर या शौकाचे लोक आहेत, ते एका साइटवर आपापली विमानं टाकतात, तिथं मला हे टाकायचं होतं. म्हटलं, "काका, पाच टाका नाहीतर सहा टाका. कोण पाहून राह्यलं?"

त्यांनी माऊस खाली ठेवला. आणि मग, पाटीचा मजकूर वाचावा तशा आवाजात, सांगितलं.

"मी एकोणीस वर्साचा होतो. कपाशीवर अळी पडली होती तवा कंपनीचं विमान आलं आमच्या इकडे. पडीत वावरात विमान उतराले पट्टी केली. माहा दोस्त होता बबन. त्याले झेंड्याचं काम भेटलं. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहून पांढरा झेंडा हलवाचा, विमान त्याच्या डोक्यावरून औषध मारत जाये. मले सांगतलं, विमानावरची पुसट अक्षरं उजळून दे. त्यांचा मेकॅनिक इचारे, वाचता येते ना? मी म्हटलं, सगळं येते."

 नीट ऐकू यावं म्हणून मी पंखा हळू केला.

"टाकीवर आकडा होता, औषध कुठवर भराचं त्याचा. पयला अंक घासून गेलता. पाच हाय का सहा, समजे ना. इचारलं असतं तं ते म्हणले असते, याले काई येत नाही. म्या सहा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टीवर उभा होतो, आपले अक्षरं वर जाताना पाहाले. धुऱ्यापर्यंत गेलं अन् खाली आलं. बबन झेंडा हलवून राह्यला होता."

 चार महिने मी या माणसाच्या शेजारी बसून रिव्हेट मोजले होते.

"गेला?" मी विचारलं.

"हाव. पायलट वाचला, बबन गेला. दोन दिवसांत कंपनीनं विमान ट्रकवर घालून नेलं. मले कोणी काई इचारलं नाही. पण मले समजलं ना. पाचशेच्या जागी सहाशे भरलं तं ते उचलन कसं?"

बबनची माय पूर्णेच्या पलीकडे, जळगाव जामोदच्या रस्त्यावरच्या एका गावात राहते, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. दर दिवाळीला ते तिच्याकडे जात. घराला रंग देत, दारावरचं नाव पुन्हा रंगवत, जेवून परत येत. तिला आकड्याचं कधी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या बायकोलाही नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांनी ते सांगितलेला पहिला माणूस मी होतो, आणि मी दुकानात बसून त्यांना म्हणालो होतो की कोण पाहून राह्यलं.

मी नेटवर त्या विमानाची माहितीपुस्तकं शोधली. दोन मॉडेलांचे दोन आकडे निघाले, एक पाचानं सुरू होणारा, एक सहानं. काकांनी दोन्हींकडे पाहिलं आणि मान हलवली. "त्या विमानाचं सांग. दुसऱ्याचं नोको." शेवटी त्यांनी सांगितलं तसा मजकूर मी इंग्रजीत लिहिला आणि जागा कोरी ठेवूनच, शेपटीवरची पाच अक्षरं नाव म्हणून देऊन, विमान साइटवर टाकलं. मजकूर एवढाच होता: हे विमान आमच्या भागात पडलं होतं. टाकीवरच्या आकड्याचा पहिला अंक मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्यानं सांगावा. अंदाज सांगू नये.

लोकांनी ते विमान डाउनलोड करून घेतलं, कौतुक केलं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक विचारत होते, हे काढणारा कोण आहे. मी काकांना वाचून दाखवायचो. ते विचारायचे, "आकडा सांगतला का कोणी?" नाही म्हटलं की उठून घरी जायचे.

सहा-सात महिन्यांनी नागपूरहून एक मेल आला. लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं, हे विमान माझ्या देखभालीत होतं, मी त्याचा मेकॅनिक होतो. आकडा मला माहीत आहे. फोनवर सांगणार नाही, येतो. मी तो मेल तीनदा वाचला. काकांना सांगितलं तेव्हा ते नुसते "कवा?" म्हणाले आणि त्या दिवसापासून पांढरा सदरा घालून यायला लागले.

ते गृहस्थ एका दुपारी आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. मी खुर्ची दिली. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. काकांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"तुम्ही बारीक होतात," ते म्हणाले. "केस कुरळे होते."

"आकडा सांगा," काका म्हणाले.

"सहा. तुम्ही सहा काढला होता, तो बरोबर होता. सकाळी मी स्वतः पाहिला होता. चुकला असता तर मीच पुसायला लावला असता, विमान उडू दिलं नसतं."

मला वाटलं काका रडतील, निदान सुस्कारा सोडतील. ते हललेही नाहीत. 

"मंग ते काऊन पडलं?"

मेकॅनिकनी काठी दोन्ही हातांनी धरली. "पेट्रोलची पिंपं उघड्यावर होती. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. अशा वेळी विमानाच्या पेट्रोलच्या टाकीत पाणी उतरतं. खाली एक तोटी असते, उडण्याआधी तिच्यातून ते काढून टाकायचं असतं. ते माझं काम होतं. त्या दिवशी मी ते केलं नाही. लोक थांबले होते, पायलट घाई करत होता. काढलं असं मी वहीत लिहिलं आणि सही केली. चौकशीत इंजिन बंद पडलं एवढंच आलं. मी कुणाला बोललो नाही."

दुकानात आम्ही तिघेच होतो. मी उभा होतो, बसायचं मला सुचलं नाही. मेकॅनिक पुढे म्हणाले, मुलानं घरी कॉम्प्युटर घेतल्यापासून ते अधूनमधून त्या पाच अक्षरांचा शोध घेत. कुणी त्या अपघाताबद्दल काही लिहिलंय का, एवढंच पाहायला. कधीच काही निघालं नाही. आणि एक दिवस ती अक्षरं लिहिली तर समोर विमानच उभं राहिलं, पिवळं, कोरं करकरीत, त्या सकाळी होतं तसं. "मला वाटलं माझं डोकं फिरलं," ते म्हणाले.

काकांनी विचारलं, "धुऱ्यावरच्या पोराचं नाव माहीत हाय तुमाले?"

"नाही. झेंडेवाला, एवढंच."

"बबन," काका म्हणाले. "बबन होतं." थोडं थांबून त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आणि मग उठून चपला घातल्या. "चाला."

कुठे, हे मेकॅनिकनी विचारलं नाही. मी शटर ओढलं आणि गाडी काढली.  पूर्णेच्या पुलावर काका एवढंच म्हणाले, "तिले ऐकू येते. मोठ्यानं बोलाचं काम नाही."

बबनची माय ओट्यावर बसून सुपात तूर निवडत होती. नव्वदीच्या आसपासची, अंगानं एवढीशी, पण नजर सरळ. काकांना पाहून म्हणाली, "अवेळी आला बाप्पा. दिवाळी कुठी हाय अजून?" काका तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आकड्याचं आधी, न विचारल्याचं, सहाचं. मग मेकॅनिककडे पाहिलं. मेकॅनिक उभे राहूनच बोलले. तोटी, पाणी, वही, सही.  मी ओट्याच्या कडेला उभा राहून वाट पाहत होतो की आता ही बाई ओरडेल, शिव्या देईल, सूप फेकून मारेल. मला ते योग्यही वाटलं असतं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मेकॅनिकला विचारलं, "तुमच्या हातून झालं?"

"हो."

"सांगाले इतक्या लंबून आले?"

"हो."

 माफ केलं असं ती म्हणाली नाही, ते मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर मेकॅनिकनी मला गाडीत तसं विचारलं होतं. ती फक्त म्हणाली, "बसा. उभं राहून पाय दुखतीन." मग काकांकडे वळली.

"अन् तू इतके वर्स येत होता, ते त्या आकड्यापायी?"

काकांनी खाली मान घातली. "हाव माय."

"मले वाटे, बबनपायी येते."

 ती पुढे झुकली आणि तिनं विचारलं, "आता तं तुहा आकडा बरोबर निंघाला. मंग आता येशीन का नाही?"

इतक्या महिन्यांत, बबनचं सांगताना किंवा दुकानात खरं कारण ऐकताना, काकांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. ते तिथं पाहिलं.  मग ते म्हणाले, "येईन ना माय. येईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्या कोऱ्या जागेत सहाचा अंक भरला. दहा मिनिटांचं काम होतं, त्यांनी दोन तास घेतले. मी म्हटलं, खिडकीखाली लहान अक्षरात बबनचं नाव टाका, पुष्कळ विमानांवर असतं तसं. ते म्हणाले, "त्या विमानावर नव्हतं. नसन ते लिहाचं नाही." त्यानंतर त्यांनी दुसरं विमान रंगवायला घेतलं नाही. यायचे मात्र रोज.

दोन दिवाळ्या ते नदीपलीकडे जाऊन आले. पहिल्या दिवाळीला दारावरचं नाव रंगवताना हात इतका हलत होता म्हणे, की म्हातारीनंच उठून त्यांचं मनगट धरलं. तिसऱ्या दिवाळीला महिनाभर असताना, सकाळी अंगणात दात घासताना ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. मला त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडत होतो. कुलपात किल्ली तशीच ठेवून मी पायरीवर बसलो. आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या शेजारी बसून चहा प्याले होते.

चार दिवसांनी मी नागपूरला मेकॅनिकना फोन केला. सांगितलं.   त्यांनी एवढंच विचारलं.

"दिवाळीत सकाळची गाडी नांदुऱ्याला किती वाजता पोचते?"

मी वेळ सांगितली. म्हटलं, स्टेशनवर घ्यायला येतो.